मोगलाईतल्या बातम्या कुठे गेल्या?

कनेरगाव नाका हे हिंगोली–वाशीम रस्त्यावरचे गाव. आज त्या वाटेने जाताना मराठवाडा कुठे संपला आणि विदर्भ कुठे सुरू झाला, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. १९४८ पूर्वी मात्र या पट्ट्यात दोन राजवटींची शीव होती. अलीकडे हैदराबादच्या निजामाचा कारभार, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. वऱ्हाडातली माणसे इकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. शीव ओलांडली की कलदार रुपयाच्या जागी हाली सिक्का चाले आणि करोडगिरीच्या नाक्यावर माल तपासला जाई. मालाइतकीच नजर छापील कागदावरही असे. वाशीमच्या बाजारात उघड वाचता येणारा अंक हिंगोलीत सापडला, तर वाचणाऱ्याच्या मागे चौकशी लागू शकत असे.

निजामी राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कागदपत्रांचा आणि ध्वनिमुद्रणांचा शोध घेताना ही शीव सतत आडवी येते. राजवट जाऊन पाऊण शतक उलटले, तरी हिंगोलीच्या लढ्याचे पुरावे हिंगोलीत नाहीत. ते पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, दिल्लीत आहेत. असे का झाले, हे समजून घेतले तर पुढे काय करायचे तेही उमगते.

हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. हिंगोली, बसमत, कळमनुरी हा सारा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. म्हणून जुन्या दप्तरात 'हिंगोली जिल्हा' शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याने परभणी शोधायला हवे, वसमत नव्हे तर बसमत शोधायला हवे, आणि तेही पुष्कळदा उर्दू लिपीत. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. प्रजेतले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड बोलत.

सभेवर बंधने होती. 'गस्ती निशान ५३' या परिपत्रकाने जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागे. छापखाना आणि पत्र काढण्यासाठीही परवाना हवा, आणि तो केव्हाही काढून घेतला जाई. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले तेव्हा त्यांना संस्थानाबाहेर, पुण्यात जावे लागले. तिथून अंक मोगलाईत येत. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, की वाघमारे तेच पत्र दुसऱ्या नावाने काढत. बंदी नावावर होती, माणसावर नव्हती, हे त्यांनी नेमके हेरले होते. त्या काळी ही युक्ती उपयोगी पडली, पण आजच्या संशोधकाला ती चकवते. ग्रंथालयाच्या सूचीत एकच पत्र अनेक नावांनी, अनेक ठिकाणी विखुरलेले असते. एका नावाचे थोडे अंक सापडले की पत्र तेवढ्यावरच बंद पडले असे वाटते, आणि खरे तर ते शेजारच्या कपाटात दुसऱ्या नावाने चालू असते. सूची करणाऱ्याने ही नावे एका माळेत ओवून ठेवली, तर संशोधकाचे कित्येक महिने वाचतील.

मुक्तीनंतर 'मराठवाडा' औरंगाबादेत आला आणि पुढे अनंत भालेराव त्याचे संपादक झाले. ते स्वतः या लढ्यातले. त्यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक आजही या विषयाचा पहिला आधार आहे. पण असे पुस्तक ही लेखकाने निवडून, तोलून मांडलेली हकीकत असते. वर्तमानपत्राचा अंक वेगळा. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. १९४७ च्या ऑगस्टमधला अंक उघडा. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होतो, आणि त्याच सुमारास हैदराबादेत लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक होते. ते सुटतील की नाही, संस्थान भारतात येईल की नाही, यातले काहीच छापणाऱ्याला माहीत नाही. जाहिराती, धान्याचे भाव आणि अंकाला झालेल्या उशिराबद्दलची दिलगिरी यांतून ती अनिश्चितता जशी कळते, तशी नंतर लिहिलेल्या इतिहासातून कळत नाही.

मराठी पत्रांवरच थांबलो तर अर्धेच चित्र दिसते. राजधानीतली मोठी पत्रे उर्दू होती. त्यातली काही दरबाराच्या बाजूची, तर काही उघड विरोधात. शोएबुल्ला खान या तरुण पत्रकाराने 'रय्यत' या उर्दू पत्रात काम केले. त्यावर बंदी आल्यावर नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी 'इमरोज' काढले. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी त्यांचा लिहिता हात तोडला. दुसरा दिवस पुरता उजाडण्याआधी ते गेले. वय सत्तावीस. भारतीय फौजा संस्थानात शिरायला अवघे तीन आठवडे उरले होते.

'इमरोज'चे अंक मराठीत आणण्याचे काम मला फार मोलाचे वाटते. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा सरळ होता, असे सांगणाऱ्याला या अंकांचे एक पानही पुरेसे उत्तर देईल. निजामाची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीविरुद्ध उभे राहिलेले मुसलमान थोडे होते, पण होते, आणि त्यांनी जबर किंमत मोजली. फरीद मिर्झा हे नांदेड भागातले महसूल अधिकारी. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजांच्या कारवाईनंतर, मुसलमानांवर अत्याचार झाले, तेव्हा त्याबद्दलही त्यांनीच लिहिले. आपण जे पाहिले ते त्यांनी १९७६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंचे रक्त एकाच वहीत मांडणारा असा साक्षीदार विरळा.

उर्दू अंक वाचण्यात एक अडचण तांत्रिकही आहे. त्या काळची बरीच उर्दू पत्रे शिळाछापावर निघत. कातिब, म्हणजे सुलेखन करणारा लेखनिक, खास शाईने मजकूर हाताने लिही. तो दगडावर उतरवून त्यावरून छपाई होई. त्यामुळे प्रत्येक पान हे हस्ताक्षरच असते. खिळ्यांनी छापलेला मराठी मजकूर आज संगणकाला बऱ्यापैकी वाचता येतो, पण कातिबाच्या नस्तालिकपुढे तो अडखळतो. तिथे उर्दू जाणणारा माणूसच हवा. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीत उर्दू शाळा आहेत, उर्दू वाचणारी तरुण मुले-मुली आहेत. या जिल्ह्याचा इतिहास वाचायला ती सर्वांत योग्य, आणि आजवर त्यांना कोणी बोलावलेले नाही.

निजामी सरकारचे दप्तर हैदराबादेत तारनाका इथल्या राज्य अभिलेखागारात आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची संशोधन संस्थाही त्याच शहरात. नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामीजींच्याच नावाने सुरू झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. इतक्या ठिकाणी मिळून काय काय आहे, याची एकत्र यादी हवी. कागद हलवायची गरज नाही, फक्त कुठला कागद कुठे आहे हे कळायला हवे.

आणि हे लवकर व्हायला हवे, कारण कागद थांबत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हवा आणि उजेड यांनी पिवळे पडते, कागदातले आम्ल धाग्यांची लांबी तोडते, आणि पान आधी घडीवर तुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, तेव्हा मिळेल त्या कागदावर अंक निघत. १९४० च्या दशकातले अंक म्हणून विशेष नाजूक. अंक चिकटपट्टीने जोडणे हा सर्वांत वाईट उपाय. तिचा गोंद दहा-वीस वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. अंक सपाट, अंधारात, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याचा फोटो काढावा, एवढे घरीही करता येते. संस्थांसाठी मायक्रोफिल्म हा जुना पण भरवशाचा मार्ग आहे. थंड, कोरड्या जागेत चांगली फिल्म काही शतके टिकते आणि ती वाचायला भिंग आणि दिवा पुरतो. संगणकातली प्रत सोयीची खरी, पण तिला दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावे लागते. ते राहिले की ती गेली.

आता आवाजाकडे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली कारवाई १७ तारखेला आटोपली. त्या संध्याकाळी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून आपल्या प्रजेशी बोलून फौजेला लढाई थांबवण्याचा हुकूम दिल्याचे सांगितले. भारत सरकारचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनीही त्या दिवशी भाषण केले. संस्थानाचे रेडिओ केंद्र हैदराबादेत होते, औरंगाबादेतही होते. पण रेडिओ संच कोणाकडे? हिंगोलीसारख्या गावात एखादा वकील, एखादा व्यापारी, एखादी सरकारी कचेरी. बाकीच्यांना राज्य बदलल्याचे कळले ते तोंडोतोंडी, नाहीतर गावात शिरलेल्या फौजेवरून.

तेव्हाचे ध्वनिमुद्रण तबकडीवर होई. धातूच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर, आणि त्यात सुईने कोरलेली खाच. तबकडी दर वेळी वाजवली की थोडी झिजते, आणि वर्षांनी थर चकतीपासून सुटू लागतो. पुढे फीत आली. फितीवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेत ओलावा शोषतो, फीत यंत्राला चिकटते, आणि जबरदस्तीने वाजवली तर आवाजासकट थर निघून येतो. अनेक घरांत स्वातंत्र्यसैनिक आजोबांच्या भाषणाची कॅसेट असते. ती सापडली की लगेच वाजवून पाहू नये. जाणकाराकडून एकदाच, नीट, संगणकावर उतरवून घ्यावी.

नरहर कुरुंदकर हे याच मातीतले. नांदापूरचा जन्म आणि वसमत तालुक्यातले कुरुंदा हे मूळ गाव. राज्य पडले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्यांची युक्तिवादाची चाल ठाऊक आहे. पण त्यांची काही भाषणे ध्वनिमुद्रित रूपातही उरली आहेत. ती ऐकताना छापील कुरुंदकरांत न दिसणारी गोष्ट कळते. ते कुठे थांबतात, कोणत्या शब्दावर आवाज चढवतात, श्रोत्यांना हसवून पुढच्याच वाक्यात गंभीर कसे करतात, हे सारे आवाजातच आहे.

आवाज वाचवायचा ठरवले तर काय साधते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. १९६३-६४ मध्ये नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर रिव्होनिया खटला चालला. न्यायालयाचे कामकाज 'डिक्टाबेल्ट' नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मुद्रित झाले होते. या पट्ट्या चपट्या करून ठेवल्यामुळे त्यांना घड्या पडल्या होत्या, आणि त्या वाजवणारी यंत्रे जगातून जवळपास नाहीशी झाली होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्श्राव्य संस्थेने एका फ्रेंच संशोधकाने बनवलेले खास यंत्र वापरून त्या एकेक करून वाजवल्या आणि शेकडो तासांचा आवाज वाचवला. मंडेलांचे २० एप्रिल १९६४ चे भाषण जगाला माहीत होतेच. या मुद्रणामुळे इतर आरोपींच्या साक्षी आणि सरकारी वकिलाची उलटतपासणीही ऐकता आली. अहमद कथराडा हे गुजराती कुटुंबात जन्मलेले आरोपी. पन्नास वर्षांनंतर त्यांनी आपलाच तरुण आवाज न्यायालयात उत्तरे देताना ऐकला.

आपल्याकडचे एक उदाहरण गोव्याचे. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या, पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गोवा मुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर सांगितली. लिबियाताईंना वयाची शंभरी गाठल्यावर २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तेव्हा कुठे देशभरच्या तरुणांनी त्यांना बोलताना ऐकले.

लढा नोंदवणे त्या मानाने सोपे आहे, कारण त्याचा अभिमान वाटतो. लढ्यानंतरचे नोंदवणे कठीण. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानात मोठ्या प्रमाणावर मुसलमानांच्या हत्या झाल्या. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे पथक पाहणीसाठी गेले. यांपैकी गफार हे 'पयाम' या उर्दू पत्राचे संस्थापक संपादक. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात हे पथक सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे हिंगोलीचा शेजार. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची नोंदही या पथकाच्या अहवालात आहे. त्यात स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्याला वाचवणारे हिंदू आहेत, एकाच व्यवसायातले म्हणून एकमेकांच्या पाठीशी उभे राहिलेले विणकर आहेत. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना पाहता येऊ लागला.

दक्षिण आफ्रिकेने याच्या उलट वाट धरली. १९९६ पासून डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाने उघड सुनावण्या घेतल्या. २१ हजारांहून अधिक पीडितांचे जबाब नोंदवले गेले. गोऱ्या सरकारच्या पोलिसांचे गुन्हे तर तपासले गेलेच, मुक्तिलढ्यातल्या लोकांनी केलेले अन्यायही तपासले गेले. सुनावण्या रेडिओवर ऐकवल्या गेल्या आणि त्यांची मुद्रणे जतन झाली. त्याने त्या देशाची सारी दुखणी बरी झाली नाहीत. पण तिथल्या नातवाला आपल्या आजीचा जबाब ऐकायला मिळतो, आपल्या नातवाला तो मिळत नाही. रझाकारांच्या भीतीने वऱ्हाडात पळून गेलेल्या आजीचाही नाही, आणि सप्टेंबरनंतर घर सोडावे लागलेल्या आजीचाही नाही. मुक्तिसंग्रामाचे मोठेपण या दुसऱ्या साक्षीने कमी होत नाही, असे मी पुरत्या विचाराने म्हणतो.

कागद आणि फीत सोडून आणखी एक साठा आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली. अर्जासोबत आपण कोणत्या कॅम्पात होतो, कोणत्या तुरुंगात किती काळ काढला, कोणत्या कामगिरीत भाग घेतला, याचे प्रतिज्ञापत्र आणि सहकाऱ्यांचे दाखले द्यावे लागत. लढ्यासाठी संस्थानाच्या सीमेलगत उभारलेल्या उमरखेडसारख्या सरहद्द कॅम्पांत कोण होते, हे अशा फायलींतून उलगडते. काही दावे वाढवून केलेले असतील, काही खोटेही असतील. इतिहासकाराला तेही उपयोगी पडतात. शासनाने या फायली मुदत संपली म्हणून रद्दीत काढू नयेत, पुराभिलेख विभागाकडे सोपवाव्यात.

वसमतच्या शाळा-महाविद्यालयाला या लढ्यातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आहे. नाव पाटीवर राहिले, पण त्यांना पाहिलेल्या माणसांचा आवाज राहिला पाहिजे होता. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत आवाज जपण्याचे हे काम महाराष्ट्रात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या पुष्कळ बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या. त्यासाठी लागली ती चिकाटी आणि बाईच्या बोलण्याला किंमत देणारे मन.

आज मुद्रणयंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावी नव्वदीच्या घरातले कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. पंखा, टीव्ही बंद करा, फोन त्यांच्याजवळ ठेवा. सुरुवातीला त्यांचे नाव, गाव, आजची तारीख आणि तुमचे नाव मोठ्याने बोला, कारण ओळख नसलेले मुद्रण पुढे निरुपयोगी ठरते. त्यांची परवानगीही मुद्रणातच घ्या. 'रझाकार कसे होते' असे विचारू नका, ऐकीव उत्तर येते. 'तेव्हा तुमच्या घरी कोण कोण होते, पाणी कुठून आणायचात, रात्री कुठे लपायचात' असे विचारा. ते गप्प बसले तर गप्प बसू द्या, मुद्रण थांबवू नका. नंतर त्याची एक प्रत घरात, एक नातेवाइकाकडे आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात ठेवा. हिंदू घरात जा, तसे मुसलमान घरातही जा.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली मुलगी २०२८ साली नव्वदीची होईल.